त्राटिका चितगावला जाते

परदेश दोन प्रकारचे असतात, हे मला परदेशात कळलं नाही, मोखाड्याच्या आठवडे बाजारात कळलं. पहिल्या प्रकारच्या परदेशातून आलेल्या माणसाला लोक बसायला खुर्ची देतात आणि त्याच्या शर्टाचा वास घेतात. दुसऱ्या प्रकारच्या परदेशातून मी येतो. मी बांगलादेशात चितगावला सूतगिरणीत फिटर आहे म्हटल्यावर सुक्या बोंबलांचा भाव करणारे एक गुरुजी माझ्याकडे वळून म्हणाले, "तिकडची माणसं पोटासाठी इकडं येतात. तू उलटा कसा गेलास?" आजूबाजूचे लोक हसले. बोंबीलवालीही हसली, आणि ती तर मला ओळखतही नव्हती.

बोईसरकडची माझी गिरणी बंद पडली तेव्हा ह्या गुरुजींनी मला नोकरी दिली नव्हती, चितगावनं दिली. तिथं मला 'उस्ताद' म्हणतात. पण बोंबलांच्या ढिगासमोर हे सांगायचं कसं? मी गप्प बसलो. आणि मी गप्प बसलो की चूक करायला निघालोय असं समजावं. माझ्या आयुष्यातल्या सगळ्या मोठ्या चुका मी गप्प बसूनच सुरू केल्या आहेत.

चुकीला वाट दाखवली भावेशनं. भावेश माझा चुलतभाऊ, पंचायत समितीत क्लार्क. तो तिथंच पिशवी घेऊन उभा होता. घरी येताना जीपमध्ये सगळ्यांच्या देखत मला म्हणाला, "तुळश्या, तू आता परदेशी माणूस. दर साली सुट्टी काढून येणार, धावपळ करणार, कशाला? पुढच्या साली सोंग मी नाचवतो."

जीपमधले सगळे हो हो म्हणाले. त्या जीपमध्ये माझ्या बाजूचा एकही माणूस नव्हता, फक्त एक बोकड तटस्थ होता.

सोंग म्हणजे काय ते सांगायला हवं, नाहीतर शहरातले वाचक समजतील की भावेश माझी नोकरी मागत होता. नोकरी मागितली असती तर मी दिली असती. आमच्या पाड्यावर दरसाल काही रात्री बोहाडा होतो. देवांचे, राक्षसांचे मुखवटे बांधून माणसं संबळाच्या तालावर नाचत येतात, रात्रभर एकेक सोंग निघतं आणि शेवटची सोंगं दिवस उगवल्यावर. कोणतं सोंग कोणत्या घराचं हे ठरलेलं. आमच्या घराकडे त्राटिका. मराठीत भांडकुदळ बायकोला त्राटिका म्हणतात. आमच्या घरात मात्र ती पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्याकडे आहे. आजा नाचला, माझा बाप नवसू नाचला, बापाचे गुडघे गेल्यावर मी. लुगडं नेसायचं, पायांत चाळ बांधायचे, मांडवाभोवती थयथयाट करायचा आणि शेवटी रामाच्या बाणानं मरायचं. जमीन वाटून घेता येते, घर वाटून घेता येतं, त्राटिका वाटून घेता येत नाही. भावेशचा बाप धाकटा, म्हणून ती त्यांच्याकडे गेली नाही, आणि हे दुःख त्या घरात दुधाच्या दातांबरोबर येतं.

आता पाड्याचा नियम असा की मुखवटा ज्याच्या हाती, सोंग त्याचं. मी विचार केला, मुखवटाच गावात नसला तर? झालं. चितगावला परत जाताना मी माळ्यावरून मुखवटा काढला, बायकोच्या जुन्या लुगड्यात गुंडाळला आणि बॅगेत कोंबला. बॅग बंद होईना म्हणून माझे कपडे काढून ठेवले. माझी बायको नीता दारात उभी राहून बघत होती.

"मला न्यायाचा म्हटला तर कागद नाय मिळत," ती म्हणाली. "राक्षशिणीला मिळाला कं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी अजून दिलेलं नाही. लेखकानं सगळ्याच प्रश्नांची उत्तरं द्यावीत असा कायदा नाही.

चितगाव हे एक घामेजलेलं शहर आहे. बंदर, गिरण्या, जहाजं फोडण्याचे किनारे, आणि ह्या सगळ्यावर एक ओलं फडकं टाकल्यासारखी हवा. तिथं मीठ डब्यात राहत नाही, पाणी होऊन बाहेर येतं. आमचा मुखवटा कागदाच्या लगद्याचा. आमच्या डोंगरावरच्या कोरड्या माळ्यावर, चुलीच्या धुरात तो वर्षानुवर्षं टुणटुणीत राहिला होता. चितगावात आल्यावर आधी त्याला बुरशी आली. मग गाल बसले. मग एके सकाळी उठून बघतो तर त्राटिकेचं नाक ओठांवर आलेलं. आमच्या घराण्याचं नाक खाली आलं म्हणजे काय, हे डोळ्यांनी पाहिलेला मी पहिलाच पुरुष.

खोलीत माझ्यासोबत सेल्वराज राहायचा, कोइमतूरचा फिटर. तो म्हणाला, कापूर ठेव. शेजारचा गणित शिकवणारा मास्तर म्हणाला, चुन्याची निवळी लाव. घरमालकीण म्हणाली, माझ्या सुनेला दिवस गेलेत, असलं तोंड घरात ठेवलंस तर तूच बाहेर जा. गिरणीतल्या पोरांनी सांगितलं, उस्ताद, बॉयलरपाशी वाळत घाला. मी सगळ्यांचं ऐकलं. हा माझा दुसरा दोष. अपमान केला तर मी कुणाचं ऐकत नाही, पण सल्ला दिला तर वेड्याचंही ऐकतो. कापरानं काही झालं नाही, चुन्यानं रंग गेला, आणि बॉयलरपाशी ठेवल्यावर जीभ वळून वर गेली ती थेट कपाळाला टेकली. खालून सुरू होऊन नाकाला ओलांडून जाणारी जीभ मी कोणत्याही पुराणात वाचलेली नाही.

मग मी तिला गिरणीतल्या कापसाच्या कचऱ्यानं आणि डिंकानं पुन्हा बांधली. मी यंत्रं दुरुस्त करणारा माणूस. मला वाटलं, तोंड म्हणजे काय, चार नट कमी असलेलं यंत्र. नाक बसलं, जीभ बसली. राहिला रंग. आणि रंगासाठी सगळ्या गिरणीनं एकमुखानं नाव सांगितलं ते हारूनमियाँचं.

हारूनमियाँ सायकलरिक्षांची पाठ रंगवायचा. तिकडच्या रिक्षांच्या पाठीवर मोर, ताजमहाल, वाघ आणि सिनेमाच्या नट्या असतात, आणि त्या नट्यांचे गाल असे की पिकलेला आंबा लाजावा. मी त्याला समजावलं. माझं बंगाली कामापुरतं. बेअरिंग, ग्रीस, धागा तुटला, जेवण झालं का. राक्षसीण हा शब्द गिरणीत लागत नाही. मी हातानं दात दाखवले, डोळे वटारले, नखं काढली, त्याच्या दुकानात एक चक्कर नाचूनही दाखवला. तो मन लावून बघत होता. मग त्यानं विचारलं, ही तुझ्या घरातली आहे का? मी म्हटलं, हो. पिढ्यान्‌पिढ्या? हो. त्याचे डोळे भरून आले. त्यानं मला चहा पाजला आणि नंतर ये म्हणाला.

नंतर गेलो. त्राटिका तयार होती. गोरे गुलाबी गाल, काजळ घातलेले लांब डोळे, धनुकलीसारख्या भुवया, हनुवटीवर तीळ. सुळे होते, ते त्यानं काढले नव्हते, पण असे पांढरेशुभ्र रंगवले होते की ती खुदकन हसतेय असं वाटावं. कपाळावर बिंदी. केसांच्या जागी एक लालभडक गुलाब. ज्या बाईच्या घरात मी जन्मलो ती राक्षसीण असली तरी तिची अब्रू राखणं ह्या सभ्य माणसानं आपलं कर्तव्य मानलं होतं. मी त्याला काय बोलणार? मी उभ्या उभ्या घामानं भिजलो आणि सुंदर झालीय म्हणालो. तो म्हणाला, तुझ्याकडून मजुरी घेणार नाही.

रंग खरवडावा तर खाली बुरशी. वेळही उरला नव्हता, बोहाडा तोंडावर आलेला. सुट्टी मागायला मी मॅनेजर कामरूल साहेबांकडे गेलो. हे साहेब हिंदी सिनेमे बघून हिंदी शिकलेले, त्यामुळे त्यांच्याशी साधं बोलता येत नसे. रजेचं कारण विचारलं. सण आहे म्हणावं तर त्यांनी आदल्याच महिन्यात सणासाठी सगळ्यांच्या रजा नाकारलेल्या. मी खरं ते सांगितलं.

"साहब, घर में एक मौत है."

"किसकी?"

"मेरी."

साहेब खुर्चीतून उठले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सही केली. सिनेमा बघितलेल्या माणसाला असं काही सांगितलं की तो पुढचं विचारत नाही. मात्र ठरल्या दिवशी मशीनवर हजर नसलास तर दुसरा फिटर येईल, हेही त्यांनी भरल्या गळ्यानंच सांगितलं.

सीमेवर बॅग उघडली. तिकडच्या साहेबाला मूर्तीचोरीचा संशय आला, पण गुलाब आणि तीळ बघून त्यानं हसून सोडलं. आपल्याकडचा साहेब हसला नाही. बांगलादेशातून येणारा काळासावळा माणूस, नाव तुळशीदास, बॅगेत नटीचं मुंडकं. ते कुणाचं, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, माझं. त्यानं माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. मग म्हणाला, सिद्ध कर. मी तिथं ट्रकांच्या रांगेशेजारी मुखवटा बांधून त्राटिका नाचलो. संबळ नव्हता, तर एका ड्रायव्हरनं पत्र्याचा डबा वाजवला. नाचून झाल्यावर साहेब म्हणाला, पुन्हा. मायदेशात येणाऱ्या माणसाचं स्वागत करायची ही पद्धत मी पहिल्या प्रकारच्या परदेशातून आलेल्यांना विचारून बघणार आहे.

गाड्या बदलत नाशिक, तिथून एसटीनं मोखाडा. पोचलो तेव्हा बोहाड्याची शेवटची रात्र सुरू झालेली. आणि परतीचा हिशेब असा बसला की सकाळची पहिली जीप गाठली तरच पुढची गाडी, आणि ती गाडी गाठली तरच नोकरी. नीतानं बॅग उघडून मुखवटा बघितला. बराच वेळ बघितला.

"तुमी तिकडं हिच्याकडं बघत राहायचात?" तिनं विचारलं. मग बॅग पुन्हा भरली आणि म्हणाली, बॅग मी सकाळी जीपमध्ये ठेवते, तुमी मेल्यावर थेट तिकडं या.

मी कुणाला तोंड दाखवलं नाही. दोन्ही तोंडं लपवून एका पडवीत बसून राहिलो. पूर्वेला तांबडं फुटलं, बकासुर नाचून गेला, आणि पुंजाआजानं पुकारलं, "त्राटिकाऽ!" पुंजाआजा म्हणजे आमच्या बोहाड्याचं हायकोर्ट, कोण कधी निघणार, कधी थांबणार हे तो सांगतो आणि त्याच्यावर अपील नाही. मी मुखवटा बांधला, चाळ वाजवत मांडवात शिरलो.

समोरून दुसरी त्राटिका आली.

काळीकुट्ट, पिवळे सुळे, लोंबती जीभ, अगदी आमच्या घरची. भावेशनं नवा मुखवटा करून घेतला होता. तो थांबला. मी थांबलो. संबळवाला थांबला. आणि मग उजेडात लोकांना माझं तोंड दिसलं.

आमच्या पाड्यावर त्राटिका आली की पोरं आईच्या मागं लपतात. माझ्याकडे बघून पोरांनी शिट्या मारल्या. एका म्हातारीनं माझी दृष्ट काढली. रामाचं सोंग होतं पाड्यावरच्या सुदेश गुरुजींकडे; बाजारातले ते वेगळे, हे सभ्य माणूस. त्यांनी धनुष्य उचललं, माझ्याकडे बघितलं आणि खाली केलं. बाईमाणसावर हात उचलायचा संकोच त्यांच्या खांद्यांवर दिसत होता.

भांडण व्हायचं ते झालं. घर माझं, मुखवटा माझा, असं मी म्हटलं. भावेशनं विचारलं, ही कोण आणलीस, हिला लग्नाला नाचवतात. थोरल्यांनी धाकट्यांना, धाकट्यांनी थोरल्यांना बोलून घेतलं, त्यात काही जुनी जमीनही निघाली. शेवटी पुंजाआजानं काठी आपटली.

"रामाच्या बाणानं मरंल ती खरी त्राटिका," तो म्हणाला. "मेलेला मानूस उठत नाय. जी आगोदर उठंल ती सोंगातून बाहेर."

ह्या निकालात काय अडचण होती ते गुरुजींनी बाण लावल्यावर कळलं. त्राटिका एरवी बाण चुकवते. इथं दोन त्राटिका बाणाच्या पुढं धावत होत्या. मी छाती पुढं काढली, भावेशनं मला ढकलून त्याची काढली. गुरुजी गांगरले, बाण सुटला तो संबळावर. पण तोवर आम्ही दोघंही पडलो होतो, धाडकन, एकमेकांना खेटून, हातपाय झाडून. एवढ्या उत्साहानं मेलेली माणसं पाड्यानं पाहिली नव्हती.

आणि मग आम्ही पडून राहिलो. एरवी पुंजाआजा कपाळाला कुंकू लावतो आणि मेलेला उठून घरी जातो. त्या दिवशी त्यानं कुंकवाची वाटी बाजूला ठेवली. बोहाडा कुणासाठी थांबत नाही. पुढची सोंगं आली. भीम आमच्या अंगावरून उडी मारून गेला. नरसिंहाचा पाय माझ्या बोटांवर पडला. मी मेलेलोच राहिलो. ऊन अंगावर आलं. हारूनमियाँचा रंग तापून त्याचा वास नाकात जाऊ लागला.

"उठ," भावेश मुखवट्यातून म्हणाला. "तुझी जीप हाय."

"तू उठ. तुला ऑफिस आहे."

"मी क्लार्क हाय. दिवसभर पडून राह्याची मला सवय हाय."

मग तोच आवाज खाली आणून म्हणाला, "तुळश्या, तुला सगळा भेटला. पैसा, परदेश. नवसूकाकाला दवाखान्यात कोन नेतो? मी. तुझा छप्पर कोनी शाकारला? मी. मग एक सकाळ नाचलो तर तुझा काय गेला असता?"

"हेच एक आहे इथं माझं," मी म्हटलं. "हे पण गेलं तर मी इथला कसा?"

लाकडासारखे पडलेले आम्ही दोघं, आणि तोंडावर तोंडं बांधलेली, म्हणून बोललो. एरवी आमच्या घरात एवढं बोलत नाहीत.

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. जीपमध्ये माझी बॅग, बॅगेत पासपोर्ट. नीता बांधावरून हाका मारत होती. सगळा पाडा माझ्याकडे बघत होता, पुंजाआजा तर वाकून बघत होता. मी डोळे मिटले. इंजिन सुरू झालेलं ऐकलं. गिअर पडलेला ऐकला. फिटरच्या कानाला ते फार स्वच्छ ऐकू येतं. जीप निघाली.

"जीप चालली," भावेश म्हणाला.

"जाऊ दे."

"अरे, बॅग हाय त्यात. नोकरी हाय."

"जाऊ दे म्हटलं ना."

तो मला एक शिवी देऊन उठला. ती इथं लिहीत नाही, कारण तिच्यात आमची आजी येते. उठला तो लुगडं वर खोचून थेट रस्त्याकडे धावला, चाळ वाजवत, "थांबव, थांबव" ओरडत. ड्रायव्हर वाडा तालुक्यातला, नवीन. त्यानं आरशात बघितलं. सकाळच्या उन्हात एक काळी राक्षसीण जीभ लोंबवत मागं लागलेली. त्यानं जीप अशी पळवली की टपावरच्या कोंबड्या आडव्या झाल्या.

मग मी उठलो. पाड्यातून बाहेर पडायला शेतातून आडवी पाऊलवाट आहे, मी तिनं सुटलो आणि वळणावर जीपच्या पुढं जाऊन हात केला. करकचून ब्रेक लागला. हारूनमियाँनं काढलेल्या भुवया वाया गेल्या नाहीत. ड्रायव्हरनं पुढची सीट रिकामी करायला लावली, आणि मी मुखवटा काढल्यावर त्याला जे दुःख झालं ते मी विसरणार नाही.

मी आत बसलो, लुगड्यातच. भावेश धापा टाकत मागून आला. त्याचा मुखवटा मागं मानेवर गेलेला, तोंड घामानं निथळत होतं. खिडकीला धरून उभा राहिला.

"आगोदर मी उठलो," तो म्हणाला. "सगळ्यांनी बघितला. सोंग तुझा."

मी त्याच्याकडे बघितलं. मग गुलाबवाली खिडकीतून त्याच्या हातात दिली. "तिकडं हवा दमट आहे. हिला माळ्यावर ठेव. मी नाही आलो तर तू नाच."

त्यानं ती हातात धरून उलटसुलट केली. "हे तोंड घालून मी मरनार नाय," तो म्हणाला. पण परत दिली नाही.

जीप निघाली. माझ्या शेजारी मांडीवर कोंबडा घेऊन एक आजी बसली होती. तिनं माझं लुगडं बघितलं, पायांतले चाळ बघितले.

"त्राटिका ना तू?"

मी हो म्हटलं.

तिनं मागं वळून बघितलं. धुळीत भावेश उभा होता, मानेवर एक तोंड, हातात एक. त्यानं हातातली त्राटिका वर करून हलवली.

"मग त्यो कोन?"

"ती पण त्राटिकाच," मी म्हटलं. "आमच्या घरात दोन आहेत."